व्याह्यांचा हंसराज

आमच्या ह्या शहरात पाण्यावर जीव टाकणारी माणसं घरोघरी सापडतील, पण पाण्याच्या गळतीवर जीव टाकणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. नळाला पाणी यायचा दिवस इथं सणासारखा असतो. पाणी आलं की बायका पिठाचे हात तसेच घेऊन मोटार लावायला धावतात. अशा गावात हा गृहस्थ आमच्या मागच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याकडे डोळे भरून बघत बसायचा आणि म्हणायचा, "वा! काय ओल धरलीय!" त्यात गंमत अशी की नोकरी त्यांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात केली. कालवा कुठं गळतोय ते शोधायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शोधायचं काम त्यांनी चालू ठेवलं, कळवायचं तेवढं सोडून दिलं.

नात्यानं ते माझ्या नणंदेचे सासरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे व्याही. माझे ते कोण, ह्याला आपल्या भाषेत शब्दच नाही, म्हणून मी आपली व्याहीकाका म्हणू लागले. अण्णा गॅलरीतून "या व्याही, या!" असं इतक्या मोठ्यानं स्वागत करायचे की औरंगपुऱ्यातल्या आमच्या सगळ्या गल्लीनं ते नाव उचललं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांना व्याही म्हणायचा, भाजीवाली "व्याही, मेथी बघा की" म्हणायची आणि आमचे नळदुरुस्तीवाले निसारभाई त्यांना व्याहीसाब म्हणायचे. सगळ्या गल्लीनं जणू आपल्या मुली त्यांच्याच घरात दिल्या होत्या.

आता व्याही, आणि तेही मुलाकडचे, हे काय प्रकरण असतं ते ज्यांनी मुलगी दिली आहे त्यांना सांगायला नको. अण्णा तसे सुधारक. त्यांनी हुंडा दिला नाही, घेतला नाही, पत्रिका बघितली नाही. पण मुलाकडच्यांना 'नाही' म्हणायचं नाही, हे व्रत त्यांच्या वडिलांनी त्यांना मुंजीतल्या जानव्याबरोबरच घातलं असावं. जानवं अण्णांनी कधीच काढून ठेवलं, व्रत मात्र राहिलं. व्याही एकदा चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुमच्या घड्याळाची टिकटिक लई मोठी हाय हो." दुसऱ्या दिवशी ते घड्याळ माळ्यावर गेलं आणि पुढं कित्येक दिवस आम्ही शेजारच्यांना वेळ विचारत होतो. व्याह्यांना बिचाऱ्यांना ह्याचा पत्ताही नसायचा. मानपानाच्या बाबतीत ते इतके साधे होते की त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं तरी ते वाढायला उठायचे. त्यामुळं हे व्रत एकतर्फी होतं, आणि एकतर्फी व्रतं फार कडक असतात.

त्यांची आमची पहिली भेट झाली ती मुलगी बघायच्या कार्यक्रमात. मी तेव्हा घरात नवी सून होते. पोहे मी केले होते, नणंदेची वेणी मी घातली होती आणि पोह्यांच्या ट्रेवर झाकलेला भरतकामाचा रुमालही माझाच होता. व्याह्यांच्या सौभाग्यवती, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्या नणंदेला काहीबाही विचारत होत्या.  एकाएकी व्याह्यांनी तो रुमाल उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि रुमाल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला. अण्णांच्या कपाळावर घाम. मग ते म्हणाले, "मागं गाठी नाय, दोरे लोंबत नाय. समोरून काय, कोणी बी छान करतंय. मुलगी पसंत हाय आपल्याला." माझ्या नणंदेला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते सांगायचं म्हणजे मुलाकडच्यांना चूक म्हणायचं, म्हणून अण्णा गप्प राहिले आणि लग्न झालं. पुढं एकदा सदऱ्याला बटण लावायची वेळ आली तेव्हा नणंदेनं खरं काय ते सांगून टाकलं. व्याही पोट धरधरून हसले आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम आमच्याकडे येऊन मला म्हणाले, "सूनबाई, म्हंजे पसंत मी तुम्हालाच केलं व्हतं!" त्या दिवसापासून त्या घराशी माझं नातं नणंदेपेक्षा थेट होतं.

ही उलटून बघायची सवय त्यांना नेच्यामुळं लागली होती. नेचा म्हणजे सावलीत, ओलीच्या आधारानं वाढणारं ते नाजूक पानांचं झाड, ज्याला फूल येत नाही, फळ येत नाही आणि बी धरत नाही. त्याचा सगळा संसार पानाच्या पाठीमागं, तपकिरी भुकटीच्या रूपानं असतो. व्याही म्हणायचे, "माणूस समोरून वळखावा, नेचा पाठीमागून." नेच्याबद्दल ते बोलायला लागले की गावाकडच्या सज्जन भावाबद्दल बोलल्यासारखं बोलायचे. "फूल नाय, वास नाय, देवाला कोणी वाहत नाय, बायका केसांत माळत नाय. कोणाच्या अध्यात ना मध्यात. सावली द्या, घोटभर पाणी द्या, बास." लग्नाला गेले की स्टेजवर आहेर द्यायला म्हणून चढायचे आणि नवरीच्या हातातल्या गुच्छात नेच्याचं पान दिसलं की ते उलटून बघत उभे राहायचे. मागं पाकिटं घेतलेल्या माणसांची रांग, फोटोवाला "काका, समोर बघा" म्हणून ओरडतोय आणि काका नवरीला सांगताहेत, "कोवळंच तोडलंय बघा ह्याला, अजून काय धरलं बी नव्हतं." नवरी घाबरून नवऱ्याकडे बघायची. अण्णांनी एकदा वाढदिवसाला त्यांना नर्सरीतून टांगती कुंडी आणून दिली, त्यात चांगला झुपकेदार विलायती नेचा होता. व्याह्यांनी आभार मानले, पान उलटून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "कुंडीतला नेचा म्हंजे वसतिगृहातलं पोरगं, सूनबाई. पोटाला मिळतंय, पण चेहऱ्यावर काय नाय."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. रिक्षात ते बसायचे नाहीत, कारण रिक्षातून भिंती दिसत नाहीत. गर्दीतून, दुचाकींचे धक्के खात, ते सदा सावलीच्या बाजूनं चालायचे आणि दुकानांकडे पाठ करून दोन इमारतींमधल्या बोळात डोकवायचे. सांडपाण्याचे पाईप, पन्हाळी, जुन्या दगडी भिंतींचे सांधे, कुठं हिरवं दिसलं की थांबलेच. एकदा अशाच एका बोळात मान वर करून ते पाईप न्याहाळत होते, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून एका बाईनं हाक मारली, "अहो साहेब! तक्रार करून जमाना झाला, आत्ता उगवलात होय?" ह्यांनी अत्यंत कळकळीनं वर सांगितलं, "बाई, एवढ्यात पाईप बदलू नका! एक वरीस थांबा! लई चांगलं काहीतरी उगवायलंय इथं!" वरून जे उत्तर आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ते अस्सल आपल्या गावचं, निम्मं मराठी आणि निम्मं दखनी होतं. व्याही मला म्हणाले, "बाईला कळलं नाय, पण आवाज चांगला हाय."

ह्या सगळ्या वेडाचं मूळ होतं त्यांच्या गावी. अजिंठ्याच्या अलीकडं डोंगराच्या पोटाशी त्यांचं गाव, आणि गावाच्या वर एक घळ. उंबर, करंज, दोन-चार अंजन असे एकमेकांच्या अंगावर रेललेले. खाली काळा खडक आणि खडकाच्या फटीतून बारीक झिरा. पावसाळा रुळला की त्या खडकाच्या सावलीतल्या अंगाला हंसराज फुटायचा. हंसराज म्हणजे त्यांच्या मते सगळ्या नेच्यांतला राजाच. काळीभोर, चकचकीत, तारेसारखी दांडी आणि तिच्यावर अर्धगोल हिरवी पानं. पाणी त्या पानावर थांबत नाही, मोती होऊन घरंगळतं. पानाची कड आत दुमडलेली असते आणि त्या दुमडीत ती तपकिरी भुकटी असते. "बाई ओच्यात शेंगा धरती ना, तसं," व्याही सांगायचे. आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे हा चालतो. दांडीचं टोक वाकत वाकत खडकाला टेकतं, टेकलं तिथं मूळ धरतं, आणि तिथून नवा हंसराज सुरू. लहानपणी त्यांनी दर पावसाळ्यात जाऊन बघावं की हा कुठवर आला. दिवाळी झाली की सगळं वाळून जायचं, उन्हाळाभर खडकावर काही म्हणजे काही नाही, आणि पाऊस पडून गेला की पुन्हा हजर. "मला वाटायचं, आता गेलाच हा," ते म्हणायचे. "पण नाय जायचा. आत ओल धरून बसलेला असतोय."

सगळं जग अजिंठ्याला लेणी बघायला येतं. ह्यांनी लग्नानंतर नव्या नवरीला लेण्यांच्या अलीकडूनच वळवलं आणि घळीत नेलं. काकू ही कहाणी आल्यागेल्याला सांगायच्या. "मला वाटलं राजवाडा दाखवतेत. दाखवलं काय, तर गवत! लेणी मी बघितली ती पोराच्या शाळेच्या सहलीत, डबा घेऊन." व्याही मान खाली घालून हसायचे. त्या माणसाला ताब्यात ठेवणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. त्या "आता बास" म्हणाल्या की व्याही वाक्याच्या मधोमध थांबायचे. पण घळीत त्याच जास्त जायच्या, हे आम्हाला पुढं कळलं. हंसराजाचा काढा खोकल्याला चांगला, म्हणून दर वर्षी पावसाळा सरता सरता त्या ओचाभर हंसराज आणून घरी टांगायच्या. एका वर्षी अण्णांना खोकला धरला, तर काकू फडक्यात बांधून एक जुडी घेऊन आमच्याकडे आल्या. मागच्या टाकीजवळ बसून त्यांनी ती जुडी झटकून झटकून धुतली. मी तांब्यानं पाणी घालत होते आणि त्या मला सांगत होत्या, "थोडं घाल गं, तुमच्या गावात पाणी कुठं हाय?" अण्णांनी काढा नाक दाबून घेतला. खोकला गेला तो काढ्यानं की काकूंच्या धाकानं, हे सांगता येत नाही.

त्या थंडीत काकू गेल्या. ध्यानीमनी नसताना, अगदी बोलता बोलता गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावावरून जाणारा रस्ता रुंद झाला आणि घळीच्या वरच्या अंगाची झाडं गेली. व्याही एकदा एकटेच जाऊन आले. आल्यावर ह्या बोलक्या माणसानं एवढंच सांगितलं, "ऊन आत शिरलंय." त्यानंतर घळीचं नाव त्यांनी काढलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागं सिमेंटची टाकी आहे. तिच्यातून वर जाणारा पाईप भिंतीतून जातो आणि तो आत कुठंतरी पाझरतो. घर बांधल्यापासून पाझरतो. काकूंच्या नंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात व्याही आमच्याकडे जेवले, हात धुवायला म्हणून मागं गेले, ते परत येईनात. जाऊन बघते तर ओल्या भिंतीसमोर उकिडवे बसलेले, हात अजून खरकटा. टाकी आणि भिंत ह्यांच्या मधल्या सावलीत, प्लास्टरच्या भेगेतून, काळ्या तारेची दोन-तीन पातळ पानं बाहेर आली होती. "सूनबाई," ते म्हणाले, "हंसराज!" आवाज असा, की मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. अण्णा पाठोपाठ आले आणि म्हणाले, "हो का? बरं झालं दाखवलंत, उद्याच निसारभाईंना बोलावून भिंत करून घेतो." व्याह्यांनी मान वर करून फक्त एवढंच म्हटलं, "राहू द्या की, अण्णा." झालं. मुलाकडचा शब्द पडला.

पुढची काही वर्षं आमच्या घरात जे चाललं ते निसारभाईंनाच विचारावं. ते दर पावसाळ्याच्या तोंडावर पिशवी घेऊन यायचे, भिंतीला कान लावायचे, मान हलवायचे. व्याही तिथं असायचेच. आम्ही त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली होती, पण ते टाकीजवळ बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि चहा तिथंच मागवायचे. निसारभाई समजावायचे, "व्याहीसाब, ये पानी नींव में जाको बैठेगा तो पूरा घर बैठ जायेगा." व्याही म्हणायचे, "बैठने दो निसारभाई, हम भी तो बैठेलेच हैं." निसारभाई हताशपणे अण्णांकडे बघायचे आणि अण्णा आभाळाकडे. मग निसारभाई चहा पिऊन परत. हंसराज मात्र फोफावला. घळीत जो दिवाळीला वाळायचा तो आमच्याकडे भर वैशाखातही हिरवा. व्याह्यांना ते पूर्ण पसंत नव्हतं. "लई लाडावलाय इथं येऊन," म्हणायचे आणि एक बोट हलकेच खाली घालून पान उलटून बघायचे. अण्णा दुसऱ्या पालथ्या बादलीवर. दोघं तासन् तास. व्याही निघाले की अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा: भिंत फुगलीय, डब्यांना बुरशी येतेय, लोक आपल्याला हसतात. आम्ही म्हणायचो, मग सांगा ना त्यांना. अण्णा म्हणायचे, "तुम्हाला काय जातं सांगायला! मुलगी मी दिलीय."

मग सासूबाईंना खोकला लागला. आधी वाटलं हवेचा असेल, पण तो जाईना. रात्र रात्र त्या उठून बसायच्या. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, घरात कुठं ओल आहे का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, आधी ती काढा, औषध मग. आता अण्णांना बोलणं भाग होतं. दोन दिवस ते गॅलरीत येरझाऱ्या घालत "व्याही, एक विनंती होती" एवढं वाक्य घोकत होते. व्याही आले, बादलीवर बसले, चहा आला. अण्णांनी खाकरून सुरुवात केली, "व्याही, एक विनंती होती." व्याही म्हणाले, "बोला की." अण्णांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "आणखी अर्धा कप घ्याल का?"

तेवढ्यात आत सासूबाई खोकल्या. लागली ती उबळ थांबेचना. व्याह्यांनी कप खाली ठेवला. "विहीणबाईंचा हा खोकला कधीपासून?" अण्णा "काही नाही, काही नाही" म्हणत होते, पण मी सांगून टाकलं, की पावसाळ्यापासून आहे आणि डॉक्टर ओलीमुळं म्हणतात. व्याही भिंतीकडे बघत राहिले. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "आन् मला कोणी सांगितलं नाय?"

"तुम्हाला कसं सांगणार?" अण्णा म्हणाले. "तुम्ही मुलाकडचे."

मी व्याह्यांना एवढं चकित झालेलं कधी बघितलं नव्हतं. "म्हंजे एवढी वर्षं तुम्ही ही भिंत केली नाय, ती मी मुलाकडचा म्हणून? अहो, मला वाटलं तुम्हाला बी हंसराज आवडतोय!"

 अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आवडतो की." आणि मला वाटतं, ते अगदीच खोटं नव्हतं. इतकी वर्षं एखाद्या झाडासमोर बसून चहा प्यायल्यावर माणूस कोरडा राहत नाही.

 हंसराजाच्या पानावरून बोट फिरवत व्याही म्हणाले, "हा तिनं धुतलेला हाय, अण्णा. तुमच्या काढ्याच्या वक्ताला. ती झटकून झटकून धुवायची ना, त्या भुकटीतून आलाय हा. घळ तर गेली. म्हटलं, एवढा तरी राहू द्यावा." माझ्या डोळ्यांसमोर एकदम काकूंचे हात आले आणि माझ्या हातातला तांब्या. इतकी वर्षं मी त्या भिंतीजवळ भांडी घासत होते आणि मला हे सुचलं नव्हतं.  व्याही उठले, धोतर झटकलं आणि आतल्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, "विहीणबाई, चुकी झाली! उद्या निसारभाईंना बोलवतो मीच!"

प्लास्टर फोडायच्या आधी त्यांनी हंसराज मुळाशी असलेल्या चुन्यामातीसकट सोडवून घेतला. ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला. म्हणाले, ह्याला गावी पोचवू या. माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. पुढं व्याही, मांडीवर डबा, मागं मी आणि अण्णा. फुलंब्रीला चहाला थांबलो तर व्याह्यांनी डबा उघडून फडक्यावर पाणी शिंपडलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय हाय, मासे?" व्याही म्हणाले, "नाय, पाव्हणा हाय. माघारी चाललाय."

घळ मी पहिल्यांदाच बघत होते आणि बघू नये अशी बघत होते. उंबराच्या बुंध्याला चार फुटवे होते, बाकी उघडा खडक आणि रणरणतं ऊन. व्याह्यांच्या गुडघ्यांना खाली उतरणं शक्य नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. नव्या रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटची मोरी केली होती, तेवढीच काय ती सावली. मी आणि अण्णा डबा घेऊन उतरलो. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरीत वाकून शिरले. वरून व्याह्यांचा आवाज, "उत्तरेकडची बाजू धरा! हात लावून बघा, गार लागतंय का?" अण्णा आतून ओरडले, "गार आहे!" "झिरपतंय का?" "थोडं थोडं!" "मग तिथंच!" ज्या माणसानं आयुष्यभर ओलीला नावं ठेवली तो भिंतीच्या सांध्यात बोटांनी चिखल भरत होता. "आता पान उलटून बघा, भुकटी हाय का?" अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटलं, आणि इतक्या आनंदानं ओरडले, की मोरी घुमली, "आहे! भरपूर आहे!"

भिंत कोरडी झाली, रंग लागला, सासूबाईंचा खोकला हळूहळू गेला. व्याही येत राहिले, पण मागं न जाता बैठकीतल्या खुर्चीवर बसायचे आणि खुर्चीवर ते पाहुण्यासारखे दिसायचे. प्रत्येक वेळी निघताना विचारायचे, "लागला असंल का हो?" अण्णा म्हणायचे, "लागला असणार. मी लावलाय." पुढच्या पावसाळ्यात जाऊन बघायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, व्याही गेले.

पावसाळा सरता सरता मी आणि नणंद दोघीच घळीत जाऊन आलो. मोरीतून पाणी जोरात वाहून गेलं होतं, त्या सांध्यात अण्णांनी भरलेला चिखलही नव्हता आणि हंसराजही नव्हता. नणंद रडायला लागली. मी तिला म्हटलं, वाहून गेला म्हणजे खाली कुठंतरी गेला, भुकटीच ती, कुठंही धरेल. तिला पटलं की नाही माहीत नाही, मलाही नीटसं पटलं नव्हतं. घरी येऊन अण्णांना काय सांगायचं, ह्याच विचारात मी चप्पल काढली, तर मागून बोलण्याचा आवाज. निसारभाई आले होते. टाकी भरली की कुंपणाच्या भिंतीवर पाणी सांडत होतं आणि टाकीचा बॉल बदलायला म्हणून त्यांना सासूबाईंनी बोलावलं होतं. अण्णा टाकीजवळ पालथ्या बादलीवर बसले होते. ते मागं कधीपासून बसायला लागले, आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"राहू द्या निसारभाई," अण्णा सांगत होते. "घरापासून लांब आहे, कोणाला त्रास नाही."

"पर अण्णा, अब तो व्याहीसाब भी नै रहे."

"म्हणून काय झालं? मुलाकडचे आहेत," अण्णा म्हणाले. "त्यांना नाही कसं म्हणायचं?"

मग ते पुढं झुकले, चष्मा कपाळावर चढवला आणि कुंपणाच्या ओल्या दगडांतून आलेलं काळ्या दांडीचं ते इवलंसं पान एका बोटानं हलकेच उलटून बघू लागले.